आजोबांची नाव, नातवाची नोंदणी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे मूळ गाव पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी होते. ते गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेल्यामुळे आम्ही आता पुनर्वसित गावठाणात राहतो. आम्ही ढीवर समाजाचे असून घरात तीन पिढ्यांपासून मासेमारी चालत आली आहे. आमच्याकडे आजोबांनी करवून घेतलेली लाकडी नाव आहे. आजोबांनी हयातीतच शेती मोठ्या बाबांकडे आणि नाव व जाळी माझ्या वडिलांकडे दिली. वडिलांनी वेळोवेळी तिच्या फळ्या बदलल्या, आणि त्यांच्या पश्चात मी व धाकटा भाऊ ती चालवतो. जलाशय पसरल्यावर वल्ह्याने जाळ्यापर्यंत जाणे जड होऊ लागले, म्हणून मी तिला लहान आउटबोर्ड इंजिन बसवले. त्याचे बिल माझ्या नावावर आहे. आता आमच्या मच्छीमार संस्थेने सांगितले आहे की, नोंदणी क्रमांक नसलेल्या नावेला पुढच्या हंगामाचा पास मिळणार नाही आणि अपघात विम्याच्या यादीतही आमची नावे जाणार नाहीत. मुलाने ऑनलाइन अर्ज शोधला, तर त्यात बंदराचे नाव, नाव बांधणाऱ्या कारखान्याचा दाखला आणि खरेदीची पावती विचारली आहे. नाव बांधणारे मिस्त्री केव्हाच वारले. एका सेवा केंद्राने पाचशे रुपयांचा स्टॅम्प आणि न्यायालयाचा वारस दाखला आणायला सांगितले. एक मध्यस्थ मोठी रक्कम घेऊन कारागिराचे जुन्या तारखेचे बिल करून द्यायला तयार आहे. घरात आई आहे, एक बहीण सासरी आहे. मोठे बाबा आणि दोन आत्याही हयात आहेत. नावेचा म्हणावा असा कागद आमच्याजवळ नाही. ऑगस्ट २०२० च्या पुरात ती वाहून गेली होती आणि खालच्या अंगाला झाडात अडकलेली सापडली, तेव्हा तलाठ्यांनी पंचनामा केला होता, एवढेच. आम्ही काय करावे?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी आणि जाता जाता लिहिली आहे. पुरानंतरचा पंचनामा हा साधा कागद नाही. महसूल विभागाच्या कर्मचाऱ्याने शासकीय कामाच्या ओघात, पंचांच्या सह्या घेऊन, तुमच्या वडिलांच्या नावावर अमुक एक नाव आहे आणि तिचे अमुक नुकसान झाले आहे असे लिहून ठेवले आहे. आणि तेव्हा नोंदणीचा कोणताही विषय डोक्यात नसल्यामुळे त्या नोंदीवर कोणी संशय घेण्याचे कारण नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मच्छीमारांच्या नौकांच्या दुरुस्तीसाठी आणि जाळ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. तुमच्या वडिलांना तेव्हा काही मदत मिळाली असेल, तर ती मिळालेल्यांची यादी तहसील कार्यालयात आणि जमा झालेली रक्कम बँकेच्या पासबुकात असेल. म्हणून पहिले काम असे की, तहसील कार्यालयात त्या पंचनाम्याच्या आणि मदतीच्या यादीतील नोंदीच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. प्रत तोंडी मागून मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज द्यावा. त्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते शुल्कही नाही. वडिलांचे नाव, जुन्या गावाचे नाव, पुराचा महिना आणि वर्ष एवढे अर्जात नेमके लिहावे. ‘नावेसंबंधीची सर्व कागदपत्रे’ असे मोघम मागितले, तर उत्तरही मोघम येते.

आता मुलाने शोधलेल्या अर्जाविषयी. तो अर्ज समुद्रात जाणाऱ्या मासेमारी नौकांचा आहे, म्हणूनच त्यात बंदर आणि कारखाना विचारला आहे. त्या नौकांची नोंदणी व्यापारी जहाजांच्या कायद्याच्या चौकटीत, ‘रियलक्राफ्ट’ नावाच्या देशव्यापी ऑनलाइन प्रणालीवर होते, आणि राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदाही समुद्रापुरताच आहे. वैनगंगेवरच्या नावेला तेथे जागा नाही. विदर्भातील अनेक मच्छीमार त्या अर्जात बंदराच्या रकान्यात आपल्या गावाचे नाव भरतात, अर्ज परत येतो, आणि आपली नाव नोंदवण्याजोगीच नाही अशी त्यांची समजूत होते. राज्याचा मत्स्यव्यवसाय म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोकणचा किनारा उभा राहतो. तलाव, बोड्या, नद्या आणि जलाशय यांवर पोट भरणाऱ्या आपल्याकडच्या हजारो कुटुंबांसाठी सोप्या मराठीत एक पानभर माहितीसुद्धा संस्थांच्या भिंतीवर लागलेली नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्या नावेला लागू पडणारा कायदा म्हणजे अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१. त्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला आणि तो जून २०२२ पासून अमलात आला. नद्या, कालवे, सरोवरे असे देशातील आतले नौकानयनयोग्य पाणी त्याच्या कक्षेत येते. वैनगंगेविषयी हेही सांगण्यासारखे आहे की, २०१६ च्या कायद्याने वैनगंगा-प्राणहितेचा खालचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०९ म्हणून घोषित केला आहे. म्हणजे ही नदी कायद्याच्या नजरेत अनोळखी नाही. या अधिनियमाने दोन वाटा केल्या आहेत. यंत्रावर चालणाऱ्या नावेची रीतसर नोंदणी व्हावी लागते, आणि त्याआधी सर्व्हेअरकडून तिची तपासणी होते. वल्ह्यावर किंवा बांबूवर चालणाऱ्या नावेची मात्र केवळ नावनिशी, म्हणजे वहीत साधी नोंद होते, आणि ती जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर व्हावी अशी कायद्याची योजना आहे. तुम्ही इंजिन बसवले त्या दिवशी तुमची नाव दुसऱ्या वाटेवरून पहिल्या वाटेवर आली. आपल्या राज्यात यांत्रिक जलयानांची तपासणी व नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे ज्याला सगळे मेरिटाइम बोर्ड म्हणतात ते मंडळ पाहते. तरीही तुम्ही पहिला अर्ज आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नावाने करावा. पास आणि विमा या दोन्ही गोष्टी त्याच खात्याच्या आहेत, आणि तुमची नाव मासेमारीची आहे हे त्या कार्यालयाने लिहून दिले, तर पुढच्या कार्यालयात अर्धे बोलणे वाचते. अर्जात स्पष्ट विचारावे की, जलाशयात मासेमारी करणाऱ्या लहान इंजिनाच्या लाकडी नावेची नोंदणी कोणत्या अधिकाऱ्याकडे व कोणत्या नमुन्यात करायची. आणि हे उत्तर लेखी मागावे. अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

इंजिन काही दिवस उतरवून ठेवा, विनाइंजिन नाव म्हणून सोपी नोंद करून घ्या आणि मग पुन्हा बसवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नये. उद्या पाण्यात काही अघटित घडले, तर नोंदीतील नाव एक आणि पाण्यातील नाव दुसरी, असा प्रश्न उभा राहील. आणि त्याचे उत्तर देण्याची वेळ तुमच्यावर किंवा तुमच्या मागे राहिलेल्यांवर येईल.

मालकीचा प्रश्न तुम्हाला सर्वांत अवघड वाटतो आहे, पण तो तितका अवघड नाही. नाव ही जंगम मालमत्ता आहे. तिला सातबारा नसतो, आणि तिच्या हस्तांतरणाचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे दान ती वस्तू प्रत्यक्ष हाती सोपवूनही पूर्ण होते. आजोबांनी हयातीत नाव तुमच्या वडिलांच्या हाती दिली, वडिलांनी ती आपली म्हणून चालवली, तिच्यावर खर्च केला आणि मोठ्या बाबांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. ही सर्व घटना मिळून वडिलांची मालकी सिद्ध करण्यास पुरेशी आहे. म्हणून मोठे बाबा आणि आत्या यांच्याकडून काही हक्क सोडवून घेण्याची गरज नाही. गरज आहे ती त्यांच्या साक्षीची. आजोबांनी नाव तुमच्या वडिलांना आपल्यादेखत दिली, असे त्या तिघांनी आपापल्या सहीने लिहून दिले, तर त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही, कारण आपल्या हिताविरुद्ध खोटे कोणी सहसा सांगत नाही. त्यांची वये पाहता हे काम रोवणी होऊ द्या, मग बघू, असे म्हणून पुढे ढकलू नये.

वडिलांच्या पश्चात मात्र नाव तुम्हा दोघा भावांचीच झाली, असे समजू नका. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, आणि आजी हयात असत्या तर त्यांनाही मिळाला असता. म्हणजे आज त्या नावेत आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण असे चौघांचे चार समान वाटे आहेत. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई करू नये. नोंदणीसाठी त्याची आवश्यकता नाही. ‘नाव आई व भावांच्या नावे नोंदवण्यास माझी हरकत नाही’ एवढे तिचे संमतीपत्र पुरते आणि तिचा वाटाही शाबूत राहतो. माझे मत असे आहे की, नोंदणी आईसह तुम्हा दोघांच्या नावे करावी. आईचे नाव त्यात असले, तर पुढे नाव विकण्याची किंवा बदलण्याची वेळ आल्यास तिला विचारावेच लागेल, आणि ज्या माउलीने आयुष्यभर त्या नावेतून आलेले मासे डोक्यावर घेऊन बाजारात विकले असतील, तिला विचारले जाणे योग्यच आहे.

सेवा केंद्राने मागितलेल्या दोन्ही गोष्टींविषयी निश्चिंत राहा. न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला हा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली मृत व्यक्तीची येणी आणि रोखे वसूल करण्यासाठी असतो. लाकडी नावेसाठी तो मागणे चुकीचे आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि चौघा वारसांचे स्वयंघोषणापत्र यांवर काम व्हायला हवे. प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र असल्यास तेही जोडावे, कारण जुन्या गावातील कागदांवरचा पत्ता आणि आजचा पत्ता यांतील फरकाचा खुलासा त्यातून आपोआप होतो. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पचे म्हणाल, तर शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ मध्येच माफ केले आहे, आणि कायद्याने प्रतिज्ञापत्र सक्तीचे केलेले नसेल तेथे साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र स्वीकारावे, असा ९ मार्च २०१५ चा शासनाचा निर्णय आहे. तरीही गावोगावी लोकांकडून स्टॅम्प विकत घ्यायला लावले जातात. मासळीच्या दोन टोपल्यांची कमाई अशा न लागणाऱ्या कागदावर जाते, हे थांबले पाहिजे. यापुढे कोणी स्टॅम्प मागितला, तर तो कोणत्या नियमाप्रमाणे लागतो हे अर्जावर लिहून द्यावे, अशी नम्रपणे विनंती करावी.

मध्यस्थाच्या बिलाला हातही लावू नका. जुन्या तारखेचे बनावट बिल करणे आणि ते खरे म्हणून सादर करणे हे दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, आणि बिल त्याने केले तरी अर्जावरची सही तुमची असेल. याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. तुमच्या वडिलांचा पंचनामा, आत्यांची साक्ष, संस्थेच्या वह्या हे सगळे खरे पुरावे एका बाजूला एक गोष्ट सांगतील आणि ते बिल दुसरीच गोष्ट सांगेल. परजिल्ह्यातील कारागिराकडून विकत घेतलेली नाव आजोबांची कशी, असा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला, तर खरे कागदही खोटे ठरतील. खरेदीची पावती नाही, हे अर्जात सरळ लिहावे: नाव गावातील मिस्त्रीकडून करवून घेतली, मिस्त्री हयात नाहीत, त्या काळी पावती देण्याची रीत नव्हती. इंजिनाचे बिल तेवढे खरे आहे; त्यावरील इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि ते बिल वेगळे जोडावे.

बांधणीचे वर्ष विचारतील, तेव्हा अंदाजाने कोणताही आकडा ठोकून देऊ नये. वर्ष आठवत नसले तरी घटना आठवतात. गोसीखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, ते गावातील वडीलधाऱ्यांच्या चांगले लक्षात असते. नाव त्याच्या आधीची की नंतरची, तेव्हा घरात कोणाचे लग्न झाले होते, कोणता मुलगा शाळेत जात होता, असे विचारत गेले की चार-पाच वर्षांच्या आत अंदाज येतो. मग ‘अंदाजे अमुक साल, कुटुंबातील ज्येष्ठांच्या माहितीवरून’ असे लिहावे. लांबी टोकापासून टोकापर्यंत, रुंदी सर्वांत रुंद जागी आणि खोली मध्यभागी काठापासून तळापर्यंत, अशी तिन्ही मापे मीटरमध्ये मोजून ठेवावीत. दोन्ही बाजूंची, समोरची आणि आतील फळ्यांची छायाचित्रे काढावीत; बदललेल्या फळ्या कोणत्या, हे त्यावर लिहून ठेवले तर सर्व्हेअरचे काम सोपे होते.

सर्व्हेअरची तपासणी म्हणजे छळ, असे मनात धरून तिला सामोरे जाऊ नये. ही नाव वल्ह्यासाठी बांधलेली आहे. इंजिनाचे वजन आणि हादरे सगळे मागच्या आडव्या फळीवर येतात, आणि जुन्या लाकडात खिळे तेथेच आधी सैल होतात. तपासणीआधी गावातील जाणत्या सुताराकडून ती फळी, तिच्या कडा आणि तळाचे सांधे पाहून घ्यावेत. डांबर लावून झाकलेली कुजकी फळी बदलावीच लागेल, आणि ती तपासणी उत्तीर्ण होण्यासाठी नाही, तर तुमच्या भावाच्या जिवासाठी बदलावी लागेल. दोघांपुरती जीवनरक्षक जाकिटे नावेत असावीत. नाव इंजिनाला योग्य नाही, असेच मत पडले, तर दोन मार्ग उरतात. एक, इंजिन कायमचे काढून तिची वल्ह्याची नाव म्हणून नावनिशी करणे. दुसरा, नवी नाव घेणे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या नावेच्या जागी नवी नाव व जाळी घेण्यासाठी अनुदानाची तरतूद केलेली आहे. ते सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिला यांना ६० टक्के असे ठरले आहे. ढीवर समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही, त्यामुळे तुम्हाला ४० टक्क्यांचा हिशेब लागू पडतो. आई संस्थेच्या सभासद असतील, तर महिला मच्छीमार म्हणून त्यांच्या नावे अर्ज करण्याचा विचार जरूर करावा.

संस्थेने विम्याविषयी सांगितले ते मात्र बरोबर नाही, आणि याबाबत तुम्ही लगेच लेखी हरकत घ्यावी. मत्स्यसंपदा योजनेखालील गट अपघात विमा हा माणसाचा आहे, नावेचा नाही. १८ ते ७० वर्षे वयाच्या मच्छीमाराला मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख रुपये आणि अपघातात रुग्णालयात दाखल झाल्यास २५ हजार रुपयांपर्यंत असे त्याचे संरक्षण आहे, आणि त्याचा हप्ता केंद्र व राज्य शासन भरते. ज्याच्याकडे स्वतःची नावच नाही, जो दुसऱ्याच्या नावेवर जाळे ओढतो, तोही या विम्याला पात्र आहे. मग नावेचा क्रमांक नाही म्हणून तुमचे व भावाचे नाव यादीतून वगळण्याचे कारण काय, असे संस्थेच्या सचिवांना पत्राने विचारावे आणि त्याची प्रत सहायक आयुक्तांना द्यावी. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर तुम्ही दोघांनी आधार क्रमांकाने स्वतःची नोंद करून घ्यावी; तीही व्यक्तीची नोंद आहे आणि नावेच्या कागदांसाठी अडून राहत नाही.

त्याच संस्थेच्या दप्तरात तुमचा आणखी एक पुरावा पडलेला आहे. वडील सभासद होते, तर सभासद नोंदवहीत त्यांचे नाव आहेच. ती ठेवणे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे सक्तीचे आहे. मासळीच्या वजनाच्या वह्या, पासाची नोंद, नावेच्या दुरुस्तीसाठी उचल घेतली असेल तर ती खतावणी, यांतून नाव कोणाच्या ताब्यात होती हे वर्षानुवर्षे दिसत जाते. पुरात काही वह्या भिजल्या असल्यास उरलेल्या पानांच्या प्रती घ्याव्यात. वडिलांचे सभासदत्व तुमच्या किंवा भावाच्या नावे झाले आहे का, हेही तपासावे. अनेक घरांत वडील जाऊन वर्षे लोटतात, मुलगा वडिलांच्या नावाच्या पासावर मासे धरत राहतो आणि संस्थाही कानाडोळा करते. अपघात झाला की मगच तो सभासद नव्हता असे कळते. नावेच्या नोंदणीआधी हे काम झाले पाहिजे.

प्रश्न : आमच्या गावच्या माजी मालगुजारी तलावात आम्ही एकाच खोडाचा कोरलेला डोंगा वापरतो. तो पणजोबांच्या काळचा आहे. त्याला इंजिन नाही. त्याचीही नोंदणी लागेल का? आणि तो ट्रॅक्टरवर घालून इटियाडोहला न्यावा असा भावाचा विचार आहे, तो योग्य आहे का?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : वल्ह्याच्या नावेची वाट वर सांगितली आहे, तुमच्या डोंग्याची नावनिशी होईल, यांत्रिक नावेसारखी नोंदणी नाही. ग्रामपंचायतीला आणि सहायक आयुक्तांच्या कार्यालयाला एकाच मजकुराचा अर्ज देऊन डोंग्याची मापे, छायाचित्र आणि वापरणाऱ्यांची नावे कळवून ठेवावीत. पुढे नावनिशीची वही उघडली जाईल, तेव्हा तुमचा दिनांकित अर्ज आधीच दप्तरी असेल. डोंगा पणजोबांच्या काळचा असल्याने कुटुंबाच्या अनेक शाखांचा त्यावर हक्क निघू शकतो. म्हणून तो कोणा एकाच्या नावे न लावता वापरणाऱ्या घरांची एकत्रित नावे द्यावीत.

इटियाडोहला नेण्याआधी मात्र थांबावे. नावेची नोंद म्हणजे मासे धरण्याचा हक्क नव्हे. तुमच्या तलावाचा ठेका तुमच्या संस्थेकडे असेल, तर तिच्या पासावर तुम्ही तेथे मासेमारी करता. इटियाडोहच्या जलाशयात ज्या संस्थेला हक्क दिलेला आहे, तिच्या परवानगीशिवाय डोंगा पाण्यात उतरवता येणार नाही. संरक्षित वनांत हा नियम आणखी कडक आहे, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोहसारख्या जलाशयात तर मासेमारीलाच बंदी आहे. जुन्या खोडाचे लाकूड रस्त्याने नेताना वाटेत अडवणूक होऊ नये यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाला आधी लेखी कळवावे आणि डोंगा जुना व वापरातील असल्याचे ग्रामपंचायतीचे पत्र सोबत ठेवावे.

प्रश्न : आमची मासेमारीची नाव आहे. मिरची तोडणीच्या दिवसांत पलीकडच्या शेतांवर जाणाऱ्या बायाबापड्यांना आम्ही नदीपार करून देतो, कारण पूल फार दूर पडतो. मासेमारीची नाव म्हणून नोंदणी केली की या कामालाही ती चालेल ना?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : चालणार नाही. मासेमारीसाठी नोंदवलेली नाव तिच्यावरील मच्छीमार, जाळी आणि मासळी यांच्यापुरती असते. प्रवासी नेणाऱ्या नावेची तपासणी वेगळ्या कसोटीवर होते, किती माणसे बसवायची ते ठरवून दिले जाते, आणि नदीपार उतारू नेण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. तुम्ही लोकांची सोय करता, त्यामागची भावना मी समजतो. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या महिला मजुरांची नाव वैनगंगेत बुडाली. मासे धरणारा माणूस नावेत तोल सांभाळून उभा राहतो. डब्याची पिशवी घेऊन दाटीवाटीने बसलेल्या मजूर बाईला तो सराव नसतो, आणि एकजण घाबरून उठली की सगळा भार एका काठावर येतो.

तुमच्या गावाला पलीकडे जायला दुसरा मार्ग नसेल, तर ग्रामसभेत ठराव घेऊन तोडणीच्या हंगामापुरती तपासलेली प्रवासी नाव, प्रशिक्षित नावाडी आणि प्रत्येकीला जाकीट अशी मागणी तहसीलदार व जिल्हाधिकारी यांच्याकडे करावी. ठरावात रोज किती मजूर जातात, कोणत्या घाटावरून जातात आणि जवळचा पूल किती किलोमीटरवर आहे, हे लिहावे. ज्या शेतमालकांच्या शेतांवर या स्त्रिया जातात, त्यांनाही सभेला बोलवावे, कारण मजुरांना पलीकडे सुखरूप नेण्या-आणण्याची जबाबदारी केवळ नाववाल्यावर टाकून त्यांना मोकळे होता येणार नाही. ती व्यवस्था होईपर्यंत तुमच्या नावेत उतारू घेऊ नयेत.